खेळातले पैसे खोटे का असतात?

मारिओ खेळलेल्यांना आठवत असेल, शंभर नाणी जमली की एक जीव जास्त मिळायचा. हा खेळ आला १९८५ साली, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली डब्यांवर खेळला. मुठीने वीट ठोकायची, टिंग आवाज करत नाणं उडायचं. त्या नाण्याने काही विकत घेता येत नव्हतं, तरी एकही सुटलं तर चुटपुट लागायची. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, झेल्डा नावाचा जपानी खेळ आला. त्यातल्या पैशाचं नाव चक्क 'रुपी'! म्हणजे रंगीत खडे. त्यांनी बाण आणि ढाली विकत घेता यायच्या. नाव आपल्या रुपयासारखं, पण आपल्या रुपयाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तेव्हापासून आजतागायत जवळपास प्रत्येक व्हिडिओ गेमची स्वतःची टाकसाळ आहे. कुठे सोनं, कुठे हिरे, कुठे क्रेडिट, कुठे नुसतीच नाणी. आपल्या घराघरात खेळल्या गेलेल्या 'नवा व्यापार'मध्ये निदान नोटांवर रुपये तरी लिहिलेले असायचे, भले त्या नोटा वाण्याकडे चालत नसोत. व्हिडिओ गेमवाले तेवढंही करत नाहीत.

अल्लीपूरला (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा, माझं माहेर. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींसाठी सांगतेय, नातेवाईकांना माहीतच आहे) माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत मला हाच प्रश्न विचारला. "आत्या, गेममंदी सिद्धे रुपयेच काऊन नाही लिहत?" मी म्हटलं, अरे खेळ खोटा म्हणून पैसे खोटे. तो म्हणाला, "मंग ते घ्याले खरे काऊन लागते?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. गेले काही महिने फावल्या वेळात यावर वाचत होते. गंमत म्हणजे उत्तराचा मोठा भाग मला कॅलिफोर्निया किंवा तोक्योच्या इतिहासात सापडला नाही, आमच्याच वर्धा जिल्ह्यात सापडला. म्हणून हा लेख. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी जुन्या खेळांकडे जाऊ. अष्टचंगा खेळताना कवड्या टाकायच्या, कवड्या नसल्या की चिंचोके फोडून घ्यायचे. आता ही कवडी म्हणजे मालदीवच्या समुद्रातून येणारा शिंपला, आणि ती खेळातलं दान होती तशीच बाजारातलं खरं नाणंही होती. बंगालमध्ये कित्येक शतकं कवड्यांवर व्यवहार चालला. अठराव्या शतकाच्या शेवटी सिल्हेट जिल्ह्याचा सरकारी महसूलसुद्धा कवड्यांत भरला जायचा, होड्या भरभरून कवड्या ढाक्याला न्याव्या लागायच्या. पुढे धातूच्या नाण्यांनी कवडीला हटवलं, आणि आपल्या भाषेत 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' उरली. बाजारातून ती गेली पण पटावर राहिली.

पटावर पैसे लावायचे की नाही हा वाद महाभारताइतका जुना आहे, त्यात पडत नाही. पण घरातल्या मोठ्यांनी त्यावर काढलेली तोड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिवाळीत पत्ते खेळायचे, पण डावावर शेंगदाणे किंवा काडेपेटीच्या काड्या लावायच्या. काड्या हरल्या तरी चुरस असते, रडारड असते, पण सकाळी उठल्यावर कुणाच्या घरचं धान्य कमी झालेलं नसतं. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच काड्या मिळतात. ज्याचा बाप पाटील त्याला दोनशे आणि ज्याचा बाप सालदार त्याला वीस, असं नसतं. कंच्यांच्या खेळात मात्र ही समता टिकायची नाही. ज्याला दुकानातून नवे कंचे घेणं परवडायचं तो हरूनही परत यायचा, बाकीचे घरी जायचे. तेव्हा आम्हाला हे अन्यायाचं वगैरे वाटत नसे, 'त्याच्याजवळ लय कंचे आहेत' एवढंच म्हणायचो.

तर खोट्या पैशाचं पहिलं काम हे. तो कुंपण घालतो. बाहेरची श्रीमंती आणि गरिबी कुंपणाबाहेर राहते, आतलं हरणं-जिंकणं आत राहतं. सरकारलाही हे कुंपण फार आधीपासून दिसत होतं. १८६७ साली इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराविरुद्ध जो कायदा केला, तो ज्या प्रांतांसाठी होता त्यात मध्य प्रांत होता. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, आणि स्वतंत्र जिल्हा होऊन त्याला जेमतेम पाच वर्षं झालेली. कौशल्याच्या खेळांना त्या कायद्याने वगळलं होतं. खेळ आणि जुगार यांच्यामधली रेष कुठे ओढायची हा प्रश्न तेव्हापासून कोर्टात फिरतोच आहे.

दुसरं काम जरा तांत्रिक आहे, पण समजायला सोपं आहे. समजा गेममध्ये राक्षस मारला की खरा रुपया मिळाला असता. रोज लाखो मुलं राक्षस मारतात. तेवढे रुपये कंपनीने कुठून आणायचे? रुपया छापण्याचा अधिकार तिला नाही. पण हिरे आणि सोनं ती हवं तेवढं छापू शकते, आणि हवं तेव्हा नष्टही करू शकते. खेळ बनवणाऱ्यांच्या बोलीत याला नळ आणि मोरी म्हणतात. राक्षस मारला की नळातून सोनं येतं, तलवार दुरुस्त केली की मोरीतून जातं. नळ जास्त आणि मोरी तुंबलेली असली की खेळात महागाई येते.

हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नाही, ठेच लागून शिकलेलं आहे. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ निघाला. हजारो लोक एकाच वेळी इंटरनेटवरून एका काल्पनिक जगात राहणार होते. बनवणाऱ्यांनी आधी ठरवलं होतं की जगातला माल ठराविकच ठेवायचा, वापरलेला माल फिरून परत जगात यायचा. झालं असं की खेळाडूंनी सगळं साठवून ठेवलं (माणूस शेवटी माणूसच :) ) आणि नव्यांना काहीच मिळेना. मग नळ उघडा सोडावा लागला, तर सोनं इतकं झालं की त्याची किंमत उतरली. मग ते सोनं गिळायला मिरवण्याच्या महागड्या वस्तू विकायला ठेवल्या. रिझर्व्ह बँकेत जे चालतं तेच, फक्त गव्हर्नरच्या जागी पंचविशीतले प्रोग्रामर.

'ईव्ह ऑनलाइन' हा २००३ साली आलेला आइसलँडचा खेळ. त्यातल्या चलनाचं लघुरूप 'आयएसके', आणि आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचं आंतरराष्ट्रीय लघुरूपही 'आयएसके'च. कंपनीने २००७ साली या खोट्या अर्थव्यवस्थेवर लक्ष ठेवायला खरा अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, आइसलँडच्या बँका बुडाल्या आणि खरा क्रोना कोसळला. खेळातलं चलन चालू राहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. कुंपण हवं आणि टाकसाळ आपल्या हातात हवी, म्हणून खोटे पैसे. पण हीच दोन कारणं घेऊन काही माणसांनी खेळात नव्हे, खऱ्या आयुष्यात स्वतःचं चलन चालवायचा प्रयत्न केला होता. आणि ती माणसं आमच्या अल्लीपूरहून एका दिवसात सायकलने जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर राहत होती. म्हणून आता जरा वर्ध्याकडे वळते.

१९२० साली काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि सभासदाची वर्गणी चार आणे ठरली. चार वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावला गांधीजी अध्यक्ष होते (ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते हे एकदाच). तिथे ठरलं की सभासद व्हायचं असेल तर चार आणे नकोत, दर महिन्याला दोन हजार वार सूत द्या. रोज साधारण अर्धा तास कातलं तर एवढं सूत होतं. विचार करून बघा, काय भन्नाट कल्पना आहे. चार आणे वकिलाला काहीच नाहीत आणि मजुराला खूप आहेत. पण दिवसातला अर्धा तास दोघांचाही अर्धाच तास. सूत हे असं चलन की ज्याची टाकसाळ प्रत्येकाच्या घरात आहे, आणि श्रमाशिवाय ते छापताच येत नाही.

मारिओची नाणी मला इथे आठवतात. खेळल्याशिवाय नाणं नाही, मग तुम्ही कुणीही असा.

पण बेळगावच्या ठरावातच एक फट होती. सगळ्यांना हे मान्य नव्हतं, तडजोड करावी लागली होती. आजारपण असेल, कातायची इच्छा नसेल किंवा असंच काही कारण असेल, तर दुसऱ्या कुणीतरी कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल, अशी मुभा त्यात होती. म्हणजे काय झालं? ज्याच्याकडे पैसे होते तो सूत विकत घेऊन भरू शकत होता. कुंपण घातलं त्याच दिवशी त्याला फाटकही ठेवलं गेलं. वर्ष पुरं व्हायच्या आत, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याला हा नियम सैल झाला. चार आण्यांची वाट पुन्हा उघडली, ज्याला हवं त्याने सूत द्यावं. त्याच वेळी चरखा संघाची स्थापना झाली आणि कातण्याचं काम तिकडे गेलं.

गांधीजींनी मात्र हा नाद सोडला नाही. १९३४ साली ते वर्ध्याला आले, १९३६ साली सेगावात राहायला गेले, तेच आजचं सेवाग्राम. १९४०च्या दशकात त्यांनी सुताला चलन मानण्याची कल्पना पुन्हा मांडली. १९४४-४५च्या सुमारास चरखा संघाने नियम केला की खादी घ्यायची तर किमतीचा काही भाग सुतातच द्यायचा. नुसत्या रुपयांनी खादी मिळणार नाही! दुकानदाराने गिऱ्हाईकाचे पैसे नाकारून सूत मागायचं, असा हा उलटा धंदा. त्यामागचा हिशोब उघड होता. रुपये देऊन खादी घेणारा फक्त गिऱ्हाईक राहतो, सुताची गुंडी घेऊन येणारा खेळात उतरतो. (गुंडी म्हणजे ६४० तारा. ज्यांच्या घरी आजी कातायची त्यांना सांगायला नको.)

पवनारला विनोबांनी तर याच्याही पुढे उडी मारली. धाम नदीच्या काठी त्यांचा परंधाम आश्रम. १९५० साली तिथे त्यांनी 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू केला. कांचन म्हणजे पैसा, त्यापासून सुटका. आश्रमातल्यांनी स्वतः शेत खणायचं, तेही बैलांशिवाय, कुदळ-फावड्याने. याला ते ऋषिशेती म्हणत. कापड आपलंच कातलेलं. पैशावर त्यांचा मुख्य आक्षेप असा की त्याची किंमत आज एक उद्या एक असते, आणि तो नाशिकच्या छापखान्यात छापता येतो. ज्वारी तशी छापता येत नाही. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा याच विषयाची दुसरी बाजू लिहीत होते. शेतकऱ्याचा माल नासतो आणि पैसा नासत नाही, म्हणून ज्याच्या हातात पैसा आहे तो थांबू शकतो, आणि ज्याच्या हातात भाजी आहे त्याला विकावंच लागतं. दोघांचा सौदा बरोबरीचा कधीच नसतो. कापूस घरात ठेवून भाव वाढायची वाट बघितलेल्या कुठल्याही वऱ्हाडी-वर्धेकर शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला चालत निघाले. एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि पुढची तेरा-चौदा वर्षं ते चालतच राहिले.

याच परंपरेत स्वातंत्र्यानंतर आणखी एक वस्तू निघाली, आणि माझ्या विषयाला ती फारच जवळची आहे. तिचं नाव खादी हुंडी. नोटेसारखा छापील कागद, वेगवेगळ्या किमतींचा. रुपये देऊन हुंडी घ्यायची आणि खादी भांडारात ती देऊन खादी घ्यायची. आता नीट बघा. सूत तुम्हाला कातावं लागत होतं, हुंडी विकत घेता येत होती. रुपयाची हुंडी सहज होते, हुंडीची खादी होते, पण ती घेऊन किराणा दुकानात जायची सोय नाही. हेतू चांगला होता, विणकराच्या मालाला आधीच गिऱ्हाईक बांधून ठेवायचं. पण आज भाच्याच्या मोबाईलमधले हिरे अगदी याच साच्यातले आहेत. आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही.

म्हणजे बघा, सुतापासून हुंडीपर्यंत आपण जो प्रवास पाहिला, तोच प्रवास व्हिडिओ गेमनी वीस वर्षांत केला. सुरुवातीला खेळातलं सोनं सुतासारखं होतं, वेळ घातल्याशिवाय मिळायचं नाही. पण लगेच फट सापडली. एकाने रात्रंदिवस खेळून सोनं जमवायचं आणि दुसऱ्याला डॉलर घेऊन विकायचं. २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या नोराथ देशाचा अभ्यास केला. तिथल्या चलनाचा बाहेरच्या बाजारातला भाव त्याने काढला, तर तो तेव्हाच्या जपानी येन आणि इटालियन लिरापेक्षा जास्त निघाला. पुढे चीनमध्ये या कामाचे कारखानेच उभे राहिले. ओळीने संगणक, पाळ्यांमध्ये काम करणारी पोरं, आणि त्यांनी जमवलेलं सोनं अमेरिका-युरोपातले नोकरदार विकत घ्यायचे. दुसऱ्याने कातलेलं सूत भरून सभासद व्हायचं, तसंच हे.

कंपन्यांनी आधी यावर बंदी घातली, खाती बंद केली. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक फाटकातून येणारच असतील तर फाटकावर आपणच का बसू नये. काहींनी दोन्ही बाजूंचं दार उघडून पाहिलं. 'डायब्लो ३' मध्ये २०१२ साली खेळाडूंनी एकमेकांना खऱ्या पैशात हत्यारं विकायचा लिलाव सुरू झाला. पण राक्षस मारण्यापेक्षा लिलावातून घेणं सोपं झाल्यावर खेळायचं कशाला? मार्च २०१४ मध्ये बनवणाऱ्यांनीच तो बंद केला. चीनमध्ये 'क्यू नाणं' नावाचं चॅटच्या ॲपमधलं चलन बाहेरच्या बाजारातही चालायला लागलं, तेव्हा २००७ मध्ये सरकार सावध झालं आणि २००९ मध्ये अशा चलनाने खऱ्या वस्तू घ्यायला मनाई झाली. बाहेर जायचं दार उघडं ठेवलं की बँकेचे, कराचे, जुगाराचे कायदे मागे लागतात. आत यायचं दार उघडं ठेवलं तर फक्त पैसे येतात. कंपन्यांनी कुठलं दार ठेवलं हे सांगायची गरज नाही.

आता पुतळीबाईंचा खरा खेळ सुरू होतो. म्हणजे किंमत दिसू न देण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या गेमच्या दुकानात पूर्वी 'पॉइंट' चालायचे, ८० पॉइंट म्हणजे एक डॉलर. ४०० पॉइंट म्हणजे किती? तोंडी हिशोब करायला क्षणभर थांबावं लागतं ना? २०१३ साली त्यांनी पॉइंट बंद करून सरळ डॉलर-रुपयांत किमती लिहायला सुरुवात केली. म्हणजे लिहिता येतं, अडचण काही नाही. पण बाकीचे बरेच जण अजून उलट्याच दिशेला चालले आहेत.

दिवाळीत भाच्याने दाखवलेला हिशोब असा होता. त्याच्या खेळातलं एक जाकीट २९९ हिऱ्यांचं. हिरे सुटे मिळत नाहीत, ३१० चं पुडकं घ्यावं लागतं. पुडकं २४० रुपयांचं. जाकीट घेतल्यावर ११ हिरे उरतात आणि अकरा हिऱ्यांत काही येत नाही. मग ते अकरा वाया जाऊ नयेत म्हणून पुढचं पुडकं. दादाने त्याला पैसे टाकू दिले होते ते मोबाईलचं रिचार्ज समजून. जाकीट घातलेला बाहुला त्याने मला फिरवून फिरवून दाखवला. छान होतं जाकीट, खोटं कशाला बोलू.

मी त्याला म्हटलं, हिरे सोड, रुपयेही सोड. आपल्या वावरात यंदा वेचणीचा भाव काय होता? दहा रुपये किलो. म्हणजे हे जाकीट चोवीस किलो कापसाच्या वेचणीचं. तुझी आजी आणि शेजारची काकू वाकून वेचतात, तो चोवीस किलो. तो गप्प बसला. मी त्याला लाजवायला हे बोलले नव्हते. मलाच त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की गुंडीने मोजायची सक्ती गांधीजी का करत होते. गुंडी हातात धरली की श्रम दिसतो. रुपयात तो अर्धा झाकला जातो. हिऱ्यात पूर्ण झाकला जातो, आणि यूपीआयच्या 'टुंग' आवाजाने तर विषयच संपतो.

भाच्याच्या "सिद्धे रुपयेच काऊन नाही" चं उत्तर तिथे मिळालं. बाहुल्याच्या जाकिटावर '२३१ रुपये' असं लिहिलं असतं तर दादाने मान हलवली नसती.

कायद्यालाही आता हे उमगायला लागलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे व्याख्या. पैशाबरोबर क्रेडिट, नाणी, टोकन किंवा तत्सम कुठलीही वस्तू, तिला नाव काहीही द्या, पैसे देऊन घेतलेली असेल तर ती डावावर लावलेली रक्कमच समजायची. म्हणजे काड्या लावल्या म्हणून सुटका नाही, काड्या कशाने घेतल्या ते सांगा. अर्थात भाच्याचं जाकीट यात येत नाही, कारण त्याला बदल्यात पैसे मिळायची अपेक्षा नाही. त्या बाबतीत युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये काही तत्त्वं जाहीर केली. खेळातल्या चलनाबरोबर खऱ्या पैशातली किंमतही स्पष्ट दिसली पाहिजे, आणि नको असलेली पुडकी गळ्यात मारू नयेत. म्हणजे ११ हिऱ्यांचा त्रास फक्त अल्लीपूरला नाही, ब्रसेल्सलाही आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की ही आत्या आता गेम बंद करा म्हणणार. अजिबात नाही. खोटा पैसा वाईट असं मला मुळीच वाटत नाही. काड्यांवरचे पत्ते, मारिओची नाणी, दोन हजार वार सूत, या सगळ्यांनी माणसाला असा एक कोपरा दिला जिथे बाहेरचा पैसा चालत नाही. असे कोपरे फार थोडे उरलेत. शाळा, दवाखाना, लग्न, सगळीकडे रुपया आधी पोचतो. निदान खेळात तरी सालदाराच्या आणि पाटलाच्या पोराने सारख्या काड्या घेऊन बसावं. माझी तक्रार कुंपणाबद्दल नाही. कुंपण तसंच ठेवून त्याच्या फाटकावर टोलनाका बसवला, आणि वर पाटी तीच ठेवली 'खेळाचे पैसे', याबद्दल आहे.

भाच्याला मी तीन प्रश्न लिहून दिलेत. कुठल्याही गेममधलं नाणं दिसलं की विचारायचे. हे मी मिळवून येतं की विकत घेऊन? घेतल्यावर याचे परत रुपये होतात का? आणि होत नसतील तर याची किंमत रुपयात लिहायला त्यांना काय अडचण आहे? पहिल्याचं उत्तर 'मिळवून' असेल तर बिनधास्त खेळ. नसेल तर वेचणीचा भाव आठव. त्याने वहीत लिहून घेतलंय. पाळेल की नाही ते पुढच्या दिवाळीत कळेल.

जाता जाता एक विनंती, मुख्यतः नातेवाईकांना. आपल्याकडे जुन्या ट्रंकांमध्ये कुणाकडे खादी हुंडी शिल्लक आहे का? किंवा सूत देऊन खादी आणल्याची काही आठवण, आजीकडून किंवा मोठ्या बाबांकडून ऐकलेली? हिंगणघाट, वर्धा, आर्वीकडच्या मंडळींनी जरूर शोधा. सापडली तर फोटो पाठवा, पुढच्या वेळी इथे लावते. बाकीच्यांनीही आपापल्या गावचे खेळातले पैसे कळवा. चिंचोके, बिल्ले, बाटल्यांची झाकणं, काय काय चालायचं तुमच्याकडे, आणि भाव काय होता?